लाकडी सांगाड्याचं घर: दर फुटावर सांगायचा की हजेरीवर?

खाचकूस | सोमवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही तिघं संगमेश्वर तालुक्यात लाकडी घरं बांधतो. काका (वय ६३) सुतार, म्हणजे खरे सुतार. प्लायवूडला हात लावायची वेळ आली की त्यांचं तोंड कडू होतं. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून सात वर्षं पुण्यात आरसीसीच्या साइटवर घालवली आणि परत आलो. तिसरी वहिनी. हिशेब तिच्याकडे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुनी घरं मोडली जात असतील तिथे जाऊन लाकूड पारखणं आणि घासाघीस करणं. तुळई वाजवून ती आत पोकळ आहे की नाही ते सांगते. काका आधी हसायचे, आता तिला विचारल्याशिवाय ट्रक भरत नाहीत.

जांभ्याचं जोतं, त्यावर दगडी तळखडे, त्यावर खांब, तुळया, आढं, वासे, वर कौलं. भार सगळा लाकडावर. भिंती फक्त आडोशाला, मग त्या चिऱ्याच्या असोत की मातीच्या. सांधे खाच आणि कुसवाचे (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत), लाकडी खुंटी मारून. लोखंडी खिळा फक्त रिपांना. अशी पाच घरं झाली.

आता दुखणं. माणूस आला की पहिला प्रश्न, "स्क्वेअर फुटाला किती?" वहिनी म्हणते, लोकांना कळेल असा एक आकडा सांगून मोकळं व्हावं. काका म्हणतात, "घर म्हंजे काय कापड हाय, वारावर मोजायला?" मागचं घर ६४० फुटांचं. वहिनीचं ऐकून फुटावर दर दिला. अंदाज १५० हजेऱ्यांचा (हजेरी म्हणजे एका माणसाचा एक दिवस) होता, लागल्या २१४. शेवटी शेवटी बाहेरच्या दोन मिस्त्रींची मजुरी दिली आणि आम्ही तिघांनी फुकट काम केलं. मालक खूश आहेत, दर रविवारी घराचे फोटो पाठवतात.

तर अशा कामाचा दर कसा सांगावा? इथे कोणी या धंद्यात आहे का?

---

मुलुंडचा_गिरगावकर | सोमवार, रात्री १०:०४

पहिला!

प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, पण काकांचा डायलॉग वाचनखूण म्हणून साठवला आहे.

---

बारीक_चिमटा | सोमवार, रात्री १०:३१

मटेरियल वेगळं, लेबर वेगळं. ग्राहकाला दोन कागद द्या. संपला विषय.

---

वळचण | सोमवार, रात्री ११:१५

विषय चांगला आहे, पण एक शंका. झाडं तोडून बांधलेलं घर 'पर्यावरणपूरक' कसं? हल्ली कशालाही हे लेबल लावतात. (धागाकर्त्याने लावलेलं नाही, पण पुढे कोणीतरी लावणारच, म्हणून आधीच विचारतो.)

---

खाचकूस | मंगळवार, सकाळी ६:४०

@बारीक_चिमटा, दोन कागद देऊन पाहिले. लोक लाकडाचा कागद बघतात आणि म्हणतात, "लाकूड इतक्याचं, मग मजुरी त्याच्यापेक्षा जास्त कशी?" घासाघीस सगळी दुसऱ्या कागदावर होते.

@वळचण, पाचपैकी तीन घरं पूर्ण जुन्या लाकडाची. मुंबईकर मालक गावचं घर पाडून स्लॅबचं बांधतात, तेव्हा ऐन-किंजळीचे ऐंशी-शंभर वर्षांचे खांब जळणाच्या भावात जातात. ते आम्ही उचलतो. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातही जुना साग मिळतो, पण भाडं परवडत नाही. उरलेल्या दोन घरांना मालकांच्या स्वतःच्या जागेतले फणस आणि किंजळ वापरले, आणि आमची एकच अट होती: तोडलेल्या झाडाच्या जागी झाड. लावली आहेत का, ते बघायला वहिनी जाते. तिला टाळणं अवघड आहे.

कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. घर उभं आहे तोवर तो तिथेच राहतो, जाळला की हवेत जातो. सगळ्यांनी लाकडी घरं बांधावीत असं माझं म्हणणं नाही. तेवढं लाकूडच नाही.

---

सातबारा_शोधतोय | मंगळवार, सकाळी ९:२०

नवीन लाकूड वापरणाऱ्यांसाठी सूचना. झाड आपल्या परड्यातलं असलं तरी राज्यात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा लागू आहे. त्याच्या यादीत साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, म्हणजे घराला लागणारं जवळजवळ सगळंच येतं. तोडायला परवानगी, वाहून न्यायला पास. "आपल्याच बागेतलं आहे" म्हणून रात्री ट्रक हलवणाऱ्या एका नातेवाइकाला सोडवायला मी गेलो होतो. पुन्हा जाणार नाही.

बांबूचं तेवढं सोपं झालंय. २०१७ पासून वनजमिनीबाहेरचा बांबू केंद्राच्या वन कायद्याच्या दृष्टीने 'झाड' राहिलेला नाही.

---

फणसाची_आठळी | मंगळवार, सकाळी १०:०२

फणसाचं घर!! आमच्याकडे माजघराचे खांब फणसाचे होते. नवा असताना हळदीसारखा पिवळा, आणि चाळीस वर्षांत असा तांबूस-तपकिरी की पाहुणे साग समजायचे. आजी दर दिवाळीला खांब तेलाच्या फडक्याने पुसायची.

अवांतर: सांदणं करायला बरका फणसच हवा, काप्याचं काम नाही.

---

मुलुंडचा_गिरगावकर | मंगळवार, सकाळी १०:०९

काप्याचीही होतात. मिक्सरमधून काढायचा.

---

फणसाची_आठळी | मंगळवार, सकाळी १०:११

होतात. खाववत नाहीत.

---

सरी_वर_सरी | मंगळवार, दुपारी ३:४५

मी गेली नऊ वर्षं इंग्लंडात, वेस्ट ससेक्समध्ये. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि आठवड्याचे दोन दिवस एका लहानशा लाकडी सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघते. म्हणजे वहिनींची इंग्लंड शाखा.

माणसं एकूण पाच. मालक, दोन सुतार, एक शिकाऊ मुलगी आणि अर्धवेळ मी. इकडे ओक ओला असतानाच कापतात. वाळलेला ओक इतका टणक होतो की पटाशी उसळते. घर उभं राहिल्यावर लाकूड जागच्या जागी पुढे कितीतरी वर्षं वाळत राहतं, आटतं, चिरा पडतात. नव्या गिऱ्हाइकाचा पहिल्या उन्हाळ्यात घाबरून फोन येतोच, "तुळईला तडा गेलाय!" त्यासाठी आमच्याकडे छापील पत्र तयार आहे.

खुंटीचं भोक कुसवात केसभर सरकवून पाडतात, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा स्वतःच आवळला जातो. तुमचे काका असंच करतात का? जुन्या घरांत प्रत्येक लाकडावर सुताराने रोमन आकड्यांसारख्या रेघा कोरलेल्या सापडतात, कुठलं कुठे बसायचं ते कळायला. जवळच सिंगलटनला जुनी घरं हलवून आणून पुन्हा उभी केलेलं खुलं संग्रहालय आहे, तिथे अशा रेघा बघत मी अख्खी दुपार काढली होती.

दराबद्दल नंतर लिहिते, मुलीला शाळेतून आणायचं आहे.

---

खाचकूस | मंगळवार, रात्री ८:३०

@सरी_वर_सरी, काकांना वाचून दाखवलं. रोज उशिरा झोपतात, आज तर जेवणही थांबवलं. भोक केसभर सरकवायचं त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतलंय. ते म्हणाले, "मंग तिकडं बी सुतारच हायेत म्हणायचे." आमच्याकडे खुणा गेरूने करतात आणि पटाशीने रेघाही मारतात: पूर्वेच्या खांबाला एक, पुढे उजव्या हाताने मोजत जायचं.

ओलं लाकूड मात्र आम्ही कापत नाही. इथे जूनमध्ये फुगतं आणि एप्रिलमध्ये आटतं. कापून ठेवलेलं लाकूड दोन पावसाळे शेडमध्ये फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवतो. पैसे अडकून पडतात ते यातच.

---

आमोशा | मंगळवार, रात्री ९:१७

लाकूड अमावास्येच्या आसपास तोडावं, कीड लागत नाही. आमचे आजोबा याखेरीज कुऱ्हाड उचलत नसत.

---

वळचण | मंगळवार, रात्री ९:२५

आला! चंद्राचा आणि वाळवीचा काय संबंध? वाळवी जमिनीतून येते, पंचांग बघून नाही.

---

आमोशा | मंगळवार, रात्री ९:३३

नाव बघूनच तुम्ही उत्तर दिलंत.

---

ओळंबा | मंगळवार, रात्री ११:०५

थोडं समजुतीने. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. बांबूत पिष्ट जास्त असताना तो तोडला तर भुंगा लवकर लागतो, म्हणून दिवाळीनंतर तोडायची रीत शहाणपणाची आहे. चंद्राचं मी बोलत नाही, मला झोप प्यारी आहे.

वाळवीला खरा तोडगा खांब जमिनीत न पुरणं हा आहे. तळखडा त्याचसाठी. खांबाचा पाय कोरडा आणि दिसता राहिला की वाळवीचा मातीचा मार्ग वर चढताना दिसतो, आणि दिसला की मोडता येतो. झाडाचा गाभा टिकतो, बाहेरचा पांढरा भाग टिकत नाही. तो तासूनच काढायचा. किनाऱ्यावर होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल खांबाच्या बुंध्याला लावलं तरी चालतं. हातमोजे घाला, कातडी सोलून निघते.

---

शनवारातला | बुधवार, सकाळी ८:००

सगळं छान. पण शनिवारवाडा १८२८ साली आगीत गेला तो कशाचा होता म्हणे? दिवसचे दिवस जळत होता.

---

ओळंबा | बुधवार, सकाळी ८:४०

अपेक्षित प्रश्न. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या तासात दीड ते सव्वादोन सेंटीमीटर. आठ इंची खांब तेवढ्यात कोसळत नाही. उघडं पोलाद सहाशे अंशांच्या आसपास निम्म्याहून जास्त बळ गमावतं. घरातून बाहेर पडायला वेळ मिळतो की नाही, हा मुद्दा आहे. वाड्यात कितीतरी मजल्यांचं लाकूड होतं आणि अग्निशामक दल नव्हतं.

धागा वादात भरकटण्याआधी: हे काम नियमांच्या बाहेरचं नाही. लाकडाच्या रचनेसाठी आयएस ८८३ हे भारतीय मानक आहे, राष्ट्रीय बांधकाम संहितेत लाकूड आणि बांबूचा वेगळा विभाग आहे. खाचकूस, आराखड्यावर या संहितेचा उल्लेख करत जा.

---

ईएमआय_वाली | बुधवार, सकाळी ११:५०

उल्लेख करूनही उपयोग झाला नाही तर? आम्ही लाकडी सांगाड्याच्या घरासाठी कर्ज मागायला गेलो. त्या बँकेचा मूल्यांकनवाला आला, चहा प्यायला, आणि अहवालात लिहिलं: "बांधकामाचा प्रकार: तात्पुरते." शेजारी पणजोबांनी बांधलेलं ११० वर्षांचं लाकडी घर उभं होतं, त्याच्याच ओटीवर बसून त्याने हे लिहिलं. शेवटी सोनं गहाण ठेवलं.

---

माळवद | बुधवार, रात्री १०:२०

मी औशाकडचा. एरवी लिहीत नाही.

आमच्याकडे घर फुटांत सांगत नसत, खणात सांगत. "सात खणांचं घर आहे." खण म्हणजे दोन खांबांमधली, तुळईने बांधलेली जागा. भोवती मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच हात जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. दर दोन-चार वर्षांनी गळतं म्हणून वर आणखी माती. त्याचं वजन कुणी मोजलं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. मी तेव्हा नऊ वर्षांचा. किल्लारीत आत्या होती. चार दिवसांनी वडील मला घेऊन गेले, का नेलं ते कधी विचारलं नाही. भिंती आडव्या झाल्या होत्या. गोलगरगरीत दगड, एकमेकांना न धरणारे. पण कितीतरी घरांत भिंत पडली होती आणि लाकडी खण तसेच उभे होते. आत्याच्या घरातही. आत्या खणाखाली झोपली नव्हती, भिंतीकडेला झोपली होती.

त्यानंतर सगळ्यांना स्लॅब हवा झाला, आणि ते समजण्यासारखं आहे. पण लाकडाचा दोष नव्हता, एवढं सांगायचं होतं.

---

फणसाची_आठळी | बुधवार, रात्री १०:४५

🙏

---

पाखं | गुरुवार, सकाळी ७:१५

माळवद, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही.

मी दापोलीजवळची. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या घराची एका बाजूची सगळी कौलं गेली, दोन नारळ गोठ्यावर पडले. आढं, वासे, कोनवासे (कोपऱ्यांवरचे तिरपे वासे) जागच्या जागी. शेजारच्या घराचे पत्रे मात्र अँगलसकट उडून आमच्या बागेत आले. कौलं मिळायला महिना लागला. सुतार मिळायला तीन. वाडीतले दोघेही मुंबईत फर्निचरच्या कामावर होते आणि लॉकडाऊनमध्ये तिकडेच अडकलेले. तोवर ताडपत्रीखाली राहिलो, पाऊस थेट देवघरात.

तेव्हा कळलं की घर टिकाऊ असतं ते दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असेपर्यंत. पडवीचे काही सांधे त्या ओलीने कुजले, ते अजून तसेच आहेत.

---

बारीक_चिमटा | गुरुवार, सकाळी ९:००

मूळ प्रश्न दराचा होता. आठवण करून देतो.

---

रंधापट्टी | गुरुवार, दुपारी १:३०

आठवण केलीत ते बरं केलंत, कारण मी सुताराची मुलगी आहे आणि हा प्रश्न आमच्या घरात रोज जेवताना असायचा.

आजोबा बलुतेदार. नांगर, कुळव दुरुस्त करायचे, सुगीला भात मिळायचं. पण नव्या घराचं काम बलुत्यात धरत नसत. त्याचं बोलणं वेगळं व्हायचं. म्हणजे तेव्हाच्या लोकांनाही कळत होतं की दुरुस्तीची हजेरी आणि घर उभं करणं ही एका मापाची कामं नाहीत. वडिलांच्या काळात पैसा आला आणि सगळं एका मापात आलं: हजेरी. मग जो सावकाश काम करतो त्याला जास्त मिळतं आणि जो हुशार त्याला कमी. वडिलांचा हात फार चालायचा. मालक म्हणायचे, "दोन दिवसांत झालं की, मग इतके पैसे कशाचे?" ते दोन दिवस शिकायला वडिलांना वीस वर्षं लागली होती, ती कोणी कुठल्या रकान्यात लिहायची? भावाने ते बघितलं आणि तो मॉड्युलर किचनकडे वळला. तिथे फुटावर दर असतो आणि सगळे खोके चौकोनी असतात.

फुटावर दर दिला की अजून एक होतं. सुतार नकळत सांधे कमी करायला लागतो. कुसवाच्या जागी पट्टी आणि बोल्ट. फूट तेवढेच राहतात, घर बदलतं.

खाचकूस, तुमच्या ६४० फुटांच्या घरात सांधे किती होते? मोजलेत का?

---

खाचकूस | गुरुवार, रात्री ९:१०

नाही मोजले. आता मोजतो.

---

सरी_वर_सरी | गुरुवार, रात्री ११:४०

रंधापट्टी, मी दराबद्दल जे लिहिणार होते ते तुम्ही विचारलंत. आमच्या कारखान्यात अंदाज सांध्यांवरच काढतात. नकाशा आला की मालक आधी सांधे मोजतो, त्यांचे प्रकार करतो: साधा, तिरप्या आधाराचा, आढ्याजवळचा अवघड. प्रत्येकाचे तास ठरलेले. मग लाकूड घनफळावर, मग चढवण्याचा खर्च वेगळा. फुटाचा दर गिऱ्हाइकाला शेवटी भागाकार करून सांगतात, त्याच्या समाधानासाठी.

---

खाचकूस | शुक्रवार, रात्री १०:२५

मोजले. काका, मी आणि वहिनी कंदिलाखाली (लाइट गेली होती) नकाशा घेऊन बसलो. रिपा सोडून १८६ सांधे. हजेऱ्या २१४. म्हणजे तासणं, रंधणं, चढवणं सगळं धरून एका सांध्यामागे एक दिवसाहून थोडं जास्त. मग वहिनीने आधीच्या चार घरांच्या वह्या काढल्या. सगळीकडे आकडा साधारण तिथेच घोटाळतो. फुटांशी मात्र काहीच ताळमेळ नाही: दुसरं घर ९०० फुटांचं, सरळ दोन पाखी (छपराला दोनच उतार), हजेऱ्या कमी लागल्या, हे लहान पण चौपाखी आणि त्यात मालकांना मधे सज्जा हवा होता.

वहिनी खूश. काका अजिबात नाहीत. ते म्हणाले, "आता गिऱ्हाईक सांधे कमी करा म्हणंल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहिनी म्हणाली, "म्हणू दे. निदान काय कमी करतोय ते त्याला कळंल."

पुढच्या कामाला असाच कागद देऊन बघतो. काकांना फक्त एक मान्य आहे, आढ्याजवळच्या सांध्याला दीडपट लावायचं.

---

शनवारातला | शनिवार, सकाळी ८:०५

म्हणजे काका दर सांगायला तयार नव्हते, आता दीडपट सांगतात. पुढील लेखनाला शुभेच्छा.

---

पाखं | शनिवार, सकाळी ८:५०

खाचकूस, आज सकाळी शिडी लावून पडवीचे सांधे मोजले. २२. त्यातले सात कुजलेले. पावसाच्या आधी येणं जमेल का?

---

खाचकूस | शनिवार, दुपारी १२:३०

काका विचारतायत, २२ मध्ये कोनवासे धरलेत का?

---

पाखं | शनिवार, दुपारी १२:५५

थांबा, परत चढते.

---

पाखं | शनिवार, दुपारी १:२०

२६.